कावळा शिवेपर्यंत बोला

मी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. तो माणूस पहिल्याच रांगेत, माझ्यापासून सहा हातांवर, मांडी घालून बसला होता.

हे कसं झालं ते सांगतो. हायस्कुलातून निवृत्त झाल्यापासून जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी दहाव्याला बोलतो. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी घाटावर मांडव पडतो, कर्णा लागतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. आधी पुढारी बोलतात, कारण त्यांना पुढच्या दहाव्याला जायचं असतं. मग पाहुण्यांतले दोघं-तिघं. सगळ्यांचं संपूनही वेळ उरला की माइकवाला माझ्याकडे बघतो. माझे दोन शब्द वीस मिनिटं चालतात. बायको म्हणते, वर्गात पोरं ऐकत नव्हती त्याचा हा सूड आहे.

एका सकाळी दोन-दोन दहावे आले की तारांबळ उडते, म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. ओळखीतल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांची भाषणं आधीच लिहून एका निळ्या फायलीत लावली होती. ज्याची वेळ येईल त्याचा कागद काढायचा, तारीख घालायची, निघायचं. हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटलं तेच बायकोला वाटलं होतं. ती त्या फायलीला हात लावत नाही.

त्या फायलीत आबांचा कागद होता.

आबा माझे पहिले घरमालक. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या मळ्यातल्या घराची पुढची खोली मला मिळाली. खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझं जन्मसाल विचारलं. मी सांगितलं. मग बेल्ह्याच्या बाजारात बैल बघावा तसे ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकून गुडघे पाहिले आणि म्हणाले, पन्नाशीला जातील. गुडघे अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच गेले. हे कळवायला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले की तुम्ही पायऱ्या चुकवता हे मी तेव्हाच बघितलं होतं.

माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न सालाचा. तुमचं नाव, गाव, जात, धंदा, कशाशी त्यांना कर्तव्य नसे. साल सांगितलं की ते डोळे बारीक करून हिशेब करत आणि समोरचा माणूस आपल्या वयाच्या मानाने कसा वागतोय यावर शेरा मारत. चाळिशीतल्या माणसाने 'कंबर धरलीय' म्हटलं की ते त्याला उभं राहून बोलायला लावत. पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नाही. काठीवर त्यांचा विशेष राग. म्हणत, काठी हातात घेतली की पायांना वाटतं आपल्याला पेन्शन मिळाली.

पेन्शनचा विषय निघाला की माझी पाळी. दर नोव्हेंबरला मला हयातीचा दाखला द्यावा लागतो, याची त्यांना फार गंमत वाटे. "तुमी जिवंत हाये याचा कागद लागतो राव. आमच्याकडं बघून कुणाला डाउट येत न्हाई." पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली तेव्हापासून ते आठवड्यातून दोनदा तरी काही काम नसताना जुन्नरला येतात. सरकारने हा हिशेब माणसं मरतील म्हणून केला होता, तो चुकवायचा, एवढंच काम.

त्यांच्या सातवीच्या वर्गात एकतीस पोरं होती. त्यांच्या गुरुजींची हजेरी आबांना अजून जशीच्या तशी पाठ आहे. एक नंबर कोण, दोन नंबर कोण, वडिलांच्या नावासकट. वर्गातलं कुणी गेलं की ते त्याच्या दहाव्याला जात, पहिल्या रांगेत बसत आणि प्रवचन चालू असताना ओठांतल्या ओठांत सगळी हजेरी घेत. प्रत्येक नावापुढे हजर किंवा गैरहजर. 'वारला' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मला वाटलं हळवेपणा असेल. तसं काही नव्हतं. ते म्हणाले, "शाळा त्यांनी बुडवली. मी कशाला त्यांच्यासाठी चांगला शब्द शोधू?"

प्रत्येकाने शाळा का बुडवली याचंही त्यांच्याकडे कारण तयार असे, आणि त्यात रोगाचं नाव कधी नसे. चार नंबर चौथ्या मजल्यावर राहायला गेला. बावीस नंबरने गुरं विकली. नऊ नंबर आरशात फार बघायचा. अकरा नंबरला सूनबाई मऊ भात द्यायला लागली आणि त्याने तो खाल्ला.

करता करता दोघेच उरले, आबा आणि एकतीस नंबर. एकतीस नंबर मूळचा आंबेगाव तालुक्यातल्या पेठचा. मामाकडे शिकायला आला, वर्षाच्या मध्येच, म्हणून त्याचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी. आबा आणि तो एकाच बस्करावर बसले आणि तेव्हापासून भांडत राहिले. बैल कुणाचे, कांदा कुणाचा, यात्रेत गाडा कुणाचा आधी, यावर साठ-सत्तर वर्षं गेली. शेवटी एकच चुरस उरली होती. तुझ्या दहाव्याला मी पहिल्या रांगेत बसणार, असं दोघंही एकमेकांना सांगत. मात्र रोज सकाळी सात वाजता पेठहून आबांच्या फोनवर एक मिस कॉल यायचा, आणि आबा उलट एक द्यायचे. उचलायचा कुणी नाही. मिस कॉल म्हणजे हजर.

एका सकाळी तो आला नाही. आबांनी साडेसातपर्यंत वाट पाहिली, मग स्वतः फोन लावला, मग पेठच्या एका शेजाऱ्याला शिव्या घालून मळ्यात पिटाळलं. एकतीस नंबर गोठ्याच्या दारात पडलेला होता. मिस कॉलची ही पद्धत नसती तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं.

हा तो दहावा.

त्या दिवशी सकाळी मी आधी जुन्नरचा एक दहावा उरकून पेठला पोचलो. पिंड ठेवून झालं होतं, आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या कडुलिंबावर तीन कावळे बसलेले, पण खाली एकही उतरेना. घरच्यांनी हात जोडून एक-एक कबूल करायला सुरुवात केली. नातवाचं लग्न करू. विहिरीचं काम पुरं करू. म्हशीला विकणार नाही. कावळे मान वाकडी करून ऐकत होते. पुढारी घड्याळ बघून निघून गेले. तेव्हा मयताचा पुतण्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मास्तर, कावळा शिवेपर्यंत बोला.

मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वेळेचं बंधन नाही. मी खिशातून कागद काढला आणि सुरू झालो.

फायलीत या दोघांचे कागद एकाखाली एक होते, वर्गमित्र म्हणून. सकाळी घाईत मी वरचा काढायच्या ऐवजी खालचा काढला होता. तरी चार मिनिटं कुणाला काही खटकलं नाही. कष्टाळू, मनमिळाऊ, मितभाषी, अडल्यानडल्याला धावून जाणारे. हे चार मिनिटांचं भाषण दोन्ही तालुक्यांत कुणालाही चालतं. मग मी वाचलं की या माणसाने पंच्याऐंशीव्या वर्षी बेल्ह्याच्या बाजारातून दीड वर्षाचा खोंड विकत आणला. मांडवात चुळबुळ झाली. माझी भाषणं लोकांच्या काळजाला हात घालतात असा माझा समज असल्याने मी आवाज आणखी खाली आणला. आणि शेवटी, डोळे मिटून, 'कैलासवासी' लावून, वडिलांच्या नावासकट, आबांचं पूर्ण नाव घेतलं.

एवढी शांतता मला वर्गात कधी मिळाली नव्हती.

पहिल्या रांगेतून आबा उठले. टोपी सारखी केली, दोन्ही हात मांड्यांना लावून ताठ उभे राहिले आणि म्हणाले,

"हजर."

आधी मागच्या बायका हसल्या. मग सगळा मांडव. मयताच्या लेकीने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलत होते, आणि मी तिच्याकडे हात जोडून माफी मागत होतो. पण तीही हसतच होती. त्या गोंधळात कडुलिंबावरचा एक कावळा खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भाताचं शीत घेऊन उडाला.

आबा पिंडाकडे बघत म्हणाले, "याचीच वाट बघत व्हता. मी गेलो हे ऐकल्याबिगर शिवणार न्हवता." मग माइककडे वळले. "बसा आता मास्तर. त्याचं काम झालं."

दोन दिवसांनी ते एसटीने माझ्या घरी आले. तो कागद मागितला. मला वाटलं फाडतील. त्यांनी मला तो अंगणात उभं राहून पुन्हा वाचायला लावला आणि दर ओळीला थांबवलं. मितभाषी काढा. मनमिळाऊ काढा, गावात कुणी ऐकलं तर तुमच्यावरचा विश्वास उडंल. अडल्यानडल्याला धावलो हे बरोबर, पण कशासाठी धावलो ते लिहा. बावीस नंबर गुरं विकत व्हता तेव्हा त्याच्या दारात उभं राहून भांडलो, ते लिहा. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. तिथे मी 'शांतपणे देह ठेवला' असं लिहिलं होतं.

"हे कुणी सांगितलं तुमाला?"

मी म्हटलं, तशी पद्धत आहे लिहायची.

"खोडा. मी शांतपणे काय करणार न्हाई."

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण मांडवातल्या कुणीतरी आबांचं ते 'हजर' मोबाइलवर घेतलं होतं, आणि ते फिरत फिरत भोसरीला त्यांच्या मुलाकडे पोचलं. मुलगा माझा विद्यार्थी. आता चौपन्न वर्षांचा, कंपनीत सुपरवायझर. तो दोन वर्षं आबांना भोसरीच्या फ्लॅटवर चला म्हणत होता आणि आबा नाही म्हणत होते. आता सूनबाईंनी जेवण सोडलं. जिवंतपणी नावापुढे कैलासवासी लागलं, हे काही चांगलं लक्षण नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलगा येत्या शनिवारी गाडी घेऊन येणार, घराला कुलूप लावणार आणि खोंड बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात जाणार, असं ठरलं.

तो खोंड म्हणजे आबांचा जीव. विकत घेताना व्यापाऱ्याने विचारलं होतं की पावणं, घरात शर्यतीच्या गाड्याला कोण हाये. तीन वर्षांनी हा तयार होईल तेव्हा धरणार कोण? आबा म्हणाले होते, मी. व्यापारी हसला, म्हणून आबांनी त्याच्याकडूनच घेतला. गावच्या यात्रेत शर्यतीच्या घाटात हा पळताना बघायचा, आणि त्या व्यापाऱ्याला पुढे उभा करून दाखवायचा, एवढं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या खिशातल्या एका चुकीच्या कागदाने ते सगळं जाणार होतं.

शनिवारी सकाळी मी लवकरच मळ्यात गेलो. मुलाला बाजूला घेऊन म्हटलं की चूक माझी, शिक्षा त्यांना का? तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सर, लोक हसले, मला हसू आलं नाही," तो म्हणाला. "पेठचे काका कसे सापडले ते तुम्हाला माहितीय. त्यांच्यासाठी आबा होते. आता आबांसाठी कोण आहे? उसात बिबट्या, घरात हे एकटे. रात्री फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधतो."

माझ्याजवळ वीस मिनिटांचं भाषण होतं. एक ओळही कामाची नव्हती.

आबा दावणीपाशी खोंडाची मान खाजवत सगळं ऐकत होते. ते म्हणाले की लेण्याद्रीला जाऊ. मी खालपासून देवापर्यंत चढतो. मध्ये एकदा जरी बुड टेकलं तर तसाच गाडीत बसतो, कपडेसुद्धा घ्यायला येत नाही. नाही टेकलं तर मी इथेच, आणि खोंड माझ्या दावणीला. मुलगा नको नको म्हणत होता, पण आबा गाडीत जाऊन बसलेही. पंच म्हणून मला घेतलं. आग तुम्ही लावलीत, तुम्हीच बघा, म्हणाले.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत म्हणतात. मी मोजल्या नाहीत. मोजण्याच्या स्थितीत नव्हतो. आबा कठड्याच्या कडेने निघाले. दर आठ-दहा पायऱ्यांना एक नाव. एक नंबर, गैरहजर. दोन नंबर, गैरहजर. सूर तोच, हजेरी घेणाऱ्या गुरुजींचा. दहा नंबरपर्यंत मी त्यांच्या बरोबर होतो. तेराव्या नंबरला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं की आपलं ठरल्याप्रमाणे अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच झालेलं आहे. मी पायरीवर बसलो, आणि खालून डोलीवाले आलेच. मी पंच होतो, वर जाणं भाग होतं. तेव्हा पुढे शहाऐंशी वर्षांचे आबा पायी, त्यांच्या मागे धापा टाकत मुलगा, आणि मागे चार माणसांच्या खांद्यावर सहासष्ट वर्षांचा मी, अशी आमची वरात निघाली. उतरणाऱ्या एका बाईने आबांना विचारलं की डोलीतले बाबा फार आजारी आहेत का. आबा म्हणाले, "जन्मापासून."

सतरा नंबर हा आबांचा स्वतःचा. तिथे ते मोठ्याने हजर म्हणाले आणि एक माकड कठड्यावरून पळालं. पंचवीसच्या पुढे पायऱ्या अंगावर येतात. आबांचा आवाज बारीक झाला, पण नावं थांबली नाहीत. तीस नंबर, गैरहजर.

वर देवळाचं दार दिसत होतं. पंधरा-वीस पायऱ्या राहिल्या असतील. एकतीस नंबरचं नाव घेतलं आणि आबा थांबले.

दोन्ही हातांनी त्यांनी कठडा धरला. मुलगा त्यांना धरायला पुढे झाला, तसा त्यांनी न बघताच कोपर मारून त्याला मागे सारलं. मग एक हात कठड्यावरून काढला, बंडीच्या खिशातला फोन बाहेर घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवला. डोलीवाल्यांनीही डोली खाली टेकवली नाही, तशीच धरून ठेवली. खाली शेतांत कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज.

"बसलो न्हाई," आबा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

मग पुढच्या पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "गैरहजर," आणि उरलेल्या पायऱ्या एका दमात चढून गेले.

देवापुढे हात जोडून आम्ही तिघं बाहेर आलो. मुलगा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, आबा उभेच. मुलाचा श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"जिंकलात," तो म्हणाला. "खोंड राहू द्या, घर राहू द्या. पण आबा, सकाळी सात वाजता मिस कॉल कुणाला? वर्गात आता कोण आहे?"

आबांनी बंडीवरून खिशातला फोन चाचपला. ते खालच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या गुडघ्यांवर आली, तशीच, चाळीस वर्षांपूर्वी आली होती तशी.

"मास्तरचं नाव लिवून घ्या," ते मुलाला म्हणाले. "बत्तीस नंबर. पेठचासुद्धा मधीच आला व्हता."

मी म्हटलं, आबा, मी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, तुमच्या वर्गात कसा?

"मग काय झालं? एवढी सगळी नापास झाली, वर्गात जागा हाये."

मुलगा हसला. खाली उतरून त्याने माझा नंबर आबांच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर टाकला, सात वाजता मिस कॉल आला नाही तर मी लगेच मळ्यात जायचं हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, आणि एकटाच भोसरीला गेला.

तेव्हापासून रोज सकाळी सातला माझा फोन एकदा वाजून बंद होतो आणि मी उलट एक देतो. निळी फाईल मी बंबात घातली. बायकोनेच काडी लावली. आता दहाव्याला जाण्याआधी मी घरच्यांना फोन करून नक्की कोण गेलं ते विचारून घेतो. हे लिहायला बसण्यापूर्वीही खात्री केली आहे. आबा आहेत. खोंडाला दात आले आहेत. तो ज्या यात्रेत पळेल त्या यात्रेचं बेल्ह्याच्या त्या व्यापाऱ्याला आतापासूनच निमंत्रण आहे, आणि त्याची तब्येत बरी नसते म्हणून आबा त्याच्यावर चिडून आहेत.

परवा मात्र मला जाग आली नाही. सातचा मिस कॉल झोपेतच गेला. सव्वासातला फोन पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. मी उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, आबा, हजर आहे, डोळा लागला होता. त्यांनी श्वास सोडला. मग कागदाची सळसळ ऐकू आली.

"घाबरून तुमचं भाषण लिवायला बसलो व्हतो, मास्तर," आबा म्हणाले. "चार वळीत संपलं. आयुष्यात अजून काय केलं असंल तर सांगा, कागद लई मोकळा दिसतोय."